तिसरी अट

प्रागच्या त्या सभागृहात, ऑगस्टच्या अखेरीस,
कोट कुणीच आणत नाही.
द्राहोमीराकडे ठेवायला आल्या
छत्र्या, पाठपिशव्या,
आणि एका बाईंनी स्वतः वळलेली तारेची पृथ्वी,
जी कुठल्याच खुंटीवर बसेना.

वस्तूला पितळी बिल्ला, बिल्ल्याला आकडा.
आकडा दिला की नाव विचारावं लागत नाही,
चोवीस वर्षांच्या नोकरीत एवढं ती शिकली होती.

आत ठरत होतं
ग्रह म्हणायचं कशाला.
दाराच्या फटीतून अटी बाहेर येत होत्या
दुभाष्याच्या दमलेल्या चेक भाषेत:
सूर्याभोवती फिरायला हवं.
बरं.
स्वतःच्याच वजनानं गोल झालेलं हवं.
तिनं कंबरपट्टा एक भोक सैल केला.
आणि तिसरी,
आपल्या वाटेवरचं सगळं त्यानं झाडून काढलेलं हवं.

झाडून?
तिच्या घरच्या बोळात अजून ओन्द्रेयच्या दोन सायकली,
स्क्रूंचे डबे, एक बिनकाट्यांचं घड्याळ.
त्याला जाऊन सहा वर्षं झाली.
रोज रात्री ती दिवा न लावता
त्यातून वाट काढत स्वयंपाकघरात जाते,
गुडघा कुठे वळवायचा ते गुडघ्यालाच ठाऊक.

ओन्द्रेय कोशित्सेचा.
ब्याण्णवच्या शेवटच्या रात्री झोपला
आपल्याच देशात, भिंतीकडच्या बाजूला,
आणि सकाळी उठला तो परदेशी.
कूससुद्धा बदलली नव्हती त्यानं.
कचेरीतली बाई भली होती. म्हणाली,
तुमच्याविरुद्ध काही नाही हो,
यादी नवी आलीय.
अर्जावर जन्मदेशाच्या रकान्यात
तो जुनंच नाव लिहीत राहिला, ठळक,
पेन कागदातून आरपार जाईल इतकं दाबून.

दार क्षणभर उघडं राहिलं तेव्हा तिनं पाहिलं:
शेकडो हात वर, हातांत पिवळी कार्डं,
मे महिन्यातल्या बोहेमियात
डोंगरउतारावर मोहरी फुलते तसं.
कुणीतरी मोजत होतं. मग मोजणंही थांबवलं.
इतकं उघड होतं ते.

(माझ्या भाषेत ग्रह म्हणजे समजूतसुद्धा.
ग्रह होतो, करून घेतला जातो,
आणि एकदा झाला की सहजी सुटत नाही.
आमच्या जुन्या नऊंत सूर्यही ग्रह, चंद्रही,
आणि दोन तर निव्वळ सावल्या.
त्यांना कुणी हात वर करून काढलं नाही.
या नव्याला आम्ही म्हटलं बटुग्रह.
बटू म्हटलं की मी जरा सावध होतो.
तीन पावलांच्या त्या गोष्टीत
शेवटी कुणाच्या डोक्यावर पाय येतो, माहीत आहे ना.)

संध्याकाळी सगळे पांगले.
कुणी चिडलेले, बरेचसे भुकेले.
तारेची पृथ्वी गेली, जरा चेपून.
उरली एक छत्री. बिल्ला एकशे सतरा.
कुइंब्राहून आलेला तो वाकलेला म्हातारा, अबिलियो,
जो रोज तिला सकाळीच शुभ रात्री म्हणायचा,
कारण चेकमधलं तेवढंच त्याला येत होतं.

तिनं छत्री झटकायला म्हणून उघडली.
आतून पडलं पिवळं कार्ड,
चार घड्या घातलेलं.
वर केलं होतं की नाही
हे कार्डाकडे बघून सांगता येत नाही.
तिनं दिव्यासमोर धरून पाहिलं, तरी नाही.

नियम असा की तीस दिवस वाट बघायची,
मग वस्तू तळघरात.
तिनं अठ्ठावीस बघितली.
एकोणतिसाव्या दिवशी छत्री काखेत मारून
व्हिशेह्राडच्या मेट्रोत बसली.

आता बोळातून जाताना
गुडघ्यानंतर
तिला खांदाही वळवावा लागतो.