पाट

सदतीस वर्षं मी पाणी हाकललं.
बेलापूरच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
ट्रेसिंग कागदावर पट्टी सरकवत
गटारांच्या रेषा ओढल्या. सरळ.
हजाराला दोनचा उतार,
आलं पाणी की घाल खाडीत.

निवृत्त झाले त्याच वर्षी
नेरूळला, आमच्याच सोसायटीच्या तळघरात
चौदा गाड्या टपापर्यंत बुडाल्या.
भरती पावणेपाच मीटरची, उघाडीची झापं बंद,
आणि माझ्याच सरळ रेषांतून
पाणी उलटं चालत आलं
पत्ता विचारत आल्यासारखं.

सभेत खजिनदार शिराळकर म्हणाले, आणखी एक पंप.
पेव्हर ब्लॉक तर आत्ताच बदललेत.
बागेत काय, लॉन आहे, छान आहे,
सात पाम आहेत, त्यांचं बिल अजून फिटायचंय.

लॉन.
चटईसारखं गुंडाळून आलेलं,
चटईसारखंच अंथरलेलं.
खाली बोटभर माती, मग डबर.
त्यावर जोमा मढवी पाइप धरून उभा,
भर जुलैत पाणी घालत,
कंत्राटात लिहिलंय म्हणून.

तो मला नंतर म्हणाला, जिन्यापाशी,
"बाय, पानी पावना हाय.
त्याला बसाला पाट दे.
घटकाभर बसंल, मंग आपसूक उठून जाल.
उभ्या उभ्या वाटंला लावलास
त घरान शिरनारच."

मला पाट म्हणजे काढून द्यायची वाट.
त्याला पाट म्हणजे बसायची फळी.
एकच शब्द,
मी जन्मभर अर्धाच वाचलेला.

फेब्रुवारीत लॉन सोललं.
परातीसारखा वाफा, दीड हात खोल,
तळाला खडी, वर वाळू, वर पाल्याची माती.
गच्चीचा पन्हळ तिकडे वळवला,
रस्त्याकडचा कठडा दोन जागी फोडला.
मध्ये वाळा. काठाला निर्गुडी.
समुद्रफळाचं एक रोप, जोमाने कुठूनसं आणलेलं,
पाण्यात पाय सोडून उभं राहणारं.
केवड्यावरून भांडण झालं: साप येतील.
"येवदे की," जोमा म्हणाला, "उंदीर झालंत."
नागरमोथा कुणी लावला नाही. तो आला.
चौथ्या मजल्यावरच्या अंजोरबाई रोज विचारत,
हे तण कधी काढणार?

मधे एका दुपारी जुना नकाशा उघडला.
आमचा भूखंड. त्यावर माझंच अक्षर,
बाविसाव्या वर्षीचं, वळणदार:
'सखल. पाणी साचते. भराव घालणे.'
जोमाने बोट ठेवलं, न शोधता.
"हा आमचा खाचर.
बापूस हितं भात लावाचा."
पुढे काही बोलला नाही.
मीही नकाशाची घडी घालत राहिले,
घडी नीट पडेना.

यंदा अवसेच्या उधाणाला
रात्री दोन वाजता छत्री घेऊन खाली गेले.
पाणी येत होतं चारी बाजूंनी,
चपला दाराबाहेर काढल्यासारखं, दबकत.
वाफ्यात उतरलं. बसलं.
वाळ्याचे फक्त शेंडे वर.

तळघरात गेलंच थोडं, घोट्याएवढं.
शिराळकरांनी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला.
परातभर बसलेल्याचा कुणी टाकला नाही.
दीड दिवसाने ते नव्हतं.
काठाला गाळाची एक कडी,
आणि एक बेडकी, इथलीच असल्यासारखी.

सकाळी जोमा जास्तीचा मोथा उपटत होता,
बुडाखाली फळी घेऊन.
'हिरवळीवर चालू नये', ती जुनी पाटी,
अक्षरं खाली चिखलाकडे.
"हा पाट बरा," म्हणाला,
आणि थोडा सरकला,
मला बसायला.