सारखे वाटेकरी

रापण ओढून झाली की आगोंदच्या वाळूवर
फोंडू पागी वाटे घालतो.
तराजू नाही, माप नाही. हातानेच.
होडीचा एक, जाळ्याचे दोन,
दोरीला हात लागलेल्या प्रत्येकाचा एक,
आणि बुडालेल्याचा एक, वर्षभर.
तो माझी आई पदरात घेते.
अकरावा महिना चालू होता.

इनास कुलासो दोरी ओढत नाही.
उजव्या हाताची दोन बोटं
हांबुर्गच्या कंपनीकडे राहिली,
डिपॉझिट म्हणून, असं तोच सांगतो.
एकतीस वर्षं इंजिनरूम.
मग जहाज भंगारात, आणि याला एक पत्र
जर्मनमध्ये, सहीशिक्क्यासकट.
उलट्या होडीवर बसतो, बोलतो.

"सहाशे वर्षं झाली त्यांना," तो म्हणाला,
"जर्मन, फ्रिजियन,
कुणी कसायाचं पोर, कुणी कर्जात बुडालेला सरदार.
भांडण राजांचं.
वेढा पडलेल्या शहराला धान्य पोचवा, म्हणाले,
वाटेत शत्रूची गलबतं लुटा,
हा घ्या कागद.
मग राजांचा तह झाला.
कागदाचा नुसता कागद झाला.
परत जायचं तर परत कुठे?
शिडं उतरवलीच नाहीत त्यांनी."

फ्रिजियन किनारा त्याने काठीने वाळूत काढला.
ओहोटीला मैलभर चिखल, भरतीला समुद्र,
आतली वाट ठाऊक फक्त तिथल्या गावपुढाऱ्यांना.
ते आसरा द्यायचे
आणि लुटीतलं कापड, खारवलेला मासा, बिअरची पिंपं
निम्म्या भावात घ्यायचे.
म्हणजे आपल्या साळ नदीच्या तोंडासारखं, फोंडू म्हणाला.
"छे रे. तिथे थंडीत समुद्राला साय धरते."

"आणि स्वतःला म्हणवायचे काय?
सारखे वाटेकरी.
कप्तानाला जेवढं, तेवढंच शीड शिवणाऱ्याला."

फोंडूचा हात बांगड्यांवर थांबला.
कुठल्या तरी गारठ्यात
कुणीतरी असंच उकिडवं बसून मोजत होतं,
याचं त्याला बरं वाटलं असावं.

ज्यांचं लुटलं त्यांचा वाटा? आईने विचारलं.
इनासने काठीची वाळू झटकली.
आणि मेलेल्यांचा?
"ते कुठे लिहिलेलं नाही, बाये."

पुढचं त्याने भरभर सांगितलं.
धरले. नदीकाठच्या गवतावर रांगेत बसवले.
मुंडकी तुळयांवर ठोकली,
शहरात शिरणाऱ्या प्रत्येक जहाजाला दिसावीत अशी.
एका रविवारी, बोट गोदीत असताना,
पावसातून आत शिरायचं म्हणून तो म्युझियममध्ये शिरला,
तर काचेत एक कवटी.
कुणाची, ते कुणालाच नक्की ठाऊक नाही.
टाळूतून खाली खिळा, होडीला लागतो तेवढा.
"आधी भोक पाडून घेतलं होतं,
हळूच, कवटी तडकू नये म्हणून.
चांगला कारागीर असणार."

वाटे संपले, एक इसवण उरली.
एवढ्या जणांत चिरता येईना.
फोंडूने ती इनासच्या होडीवर ठेवली.
मी कुठे दोरी ओढली, तो म्हणाला,
आणि आईकडे सरकवली.

रात्री आईने मला हुमण घेऊन धाडलं.
वाडग्यात डोकं होतं.
आमच्या घरी डोकं बाबांचं असायचं.
इनासने ते चमच्याने उचललं,
झाकणावर ठेवलं, माझ्याकडे केलं.
आम्हाला वाटायचं, बोटीवर राहून
हा माणूस डोकं खायला विसरला.
मी पायरीवर बसून खाल्लं,
गालाचं मांस, डोळा, सगळं चोखून.
तो रस्सा ओरपत समोर बघत होता.
बाहेर ट्रॉलरचे एलईडी दिवे लागले होते,
पाण्याखालचं सगळं वर बोलावणारे,
एकाला एक लागून, अख्खं गाव वसल्यासारखे.

त्यांच्याकडे आहे कागद, तो म्हणाला.

आणि जरा वेळाने,
आईला सांग, मीठ जास्त झालंय.