साडेतेहतीस इंच

एप्रिल. धान्याच्या कोठाराच्या सावलीत
मळक्या बर्फाची एक पट्टी अजून तग धरून.
ओरेस्ट हनाट्युक दुकानात येतो,
बूट आपटतो, टोपी काढत नाही,
आणि थेट त्या पिंपाकडे जातो
जिथं खिळ्यांच्या खोक्यांशेजारी
मी जुने पटर उभे करून ठेवलेत,
भिजलेल्या छत्र्या ठेवाव्यात तसे.

"यंदा घ्यायचाच," म्हणतो.
हे त्याचं सातवं यंदा.

मी एकेक उपसून काढते.
हा ब्लेड. बारीक, जुन्या घडणीचा, नाकाशी थोडा गंजलेला.
चेंडू मधोमध बसला तर हाताला पत्ता लागत नाही,
जरा बाजूला लागला
की कोपरापर्यंत चुगली करतो.
आणि हा मॅलेट. मागे दोन शिंगं, माथ्यावर पांढरी रेघ,
रेजायनाच्या कुणा दंतवैद्याने कंटाळून विकलेला.
चुका पोटात घालतो.
"बायकोसारखा?"
पतपेढीसारखा, म्हणते मी.
हिशेब शेवटी कळतो.

मग दांडी आडव्या बोटावर तोलून बघायची.
ब्लेडचं नाक हळूहळू खाली जातं,
मॅलेट मात्र तोंड वर करून
छतावरची ट्यूब बघत निवांत पडून राहतो.
ज्याचा हात दारासारखा उघडतो, मिटतो
त्याला नाक झुकवणारा.
जो आगपेटीच्या खणासारखा
सरळ मागे, सरळ पुढे
त्याला हा छत बघणारा.

"आणि मी?"
त्याने उजवा पंजा गल्ल्यावर ठेवला.
एकोणऐंशीच्या सुगीत धान्य चढवणाऱ्या ऑगरने
करंगळी नेली, तिच्या शेजारचीही.
बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरलीत या गावात,
ओरेस्ट मोजायला बसला
तर आठावर थांबतो.

दार नाही, खण नाही.
त्याचा हात म्हणजे एका बिजागरीवर लोंबणारं
कुरणाचं फाटक.

सात वर्षं आम्ही नुसती डोकी बघत होतो.
वजन, कोन, तोंडावरच्या बारीक खाचा,
टक् वाजतो की ठप्प.
मूठ कुणी बघितलीच नाही.

मागच्या खोलीत
दूध काढायच्या यंत्राची रबरी नळी होती, निकामी.
ती उभी चिरली, दांडीवर चढवली,
उजव्या अंगाला हॉकीची काळी चिकटपट्टी
थरावर थर गुंडाळत गेले,
नसलेल्या दोन बोटांची जागा भरेपर्यंत.
पस्तीस इंचाची दांडी त्याच्या वाकलेल्या पाठीला लांब;
करवतीने दीड इंच कापली.
तो तुकडा त्याने खिशात टाकला. का, विचारलं नाही.

"डोकं कुठलं लावू?"
मला वाटलं मॅलेट म्हणेल. वय बघता.
"ब्लेड," म्हणाला.
"चुगली केलेली बरी.
या हाताला आता काही कळायचं नाही
असं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते."

मे महिन्यात नऊ होलच्या मैदानावर गेलो.
गवताचं ग्रीन इथे परवडत नाही कुणाला,
आमचं ग्रीन म्हणजे तेल घातलेली वाळू, तपकिरी, सपाट;
आधी लोखंडी फळी ओढून आपली वाट आपणच गुळगुळीत करायची.
चेंडू जाताना मागे रेघ सोडतो.
गवतावर निदान खोटं बोलता येतं.

ओरेस्टने मारला.
रेघ सरळ निघाली, मध्यावर जराशी शंका आली तिला,
आणि होलच्या वीतभर डावीकडून निघून गेली.

तो होलकडे बघत नव्हता.
स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता,
कुणीतरी फार वर्षांनी हाक मारावी तसा.
"नाकाला लागला," म्हणाला.
"करंगळीत कळलं."

मग वाकला, फळी उचलली,
आणि मागून येणाऱ्यांसाठी
रेघ पुसत पुसत होलपर्यंत गेला.
पैसे सुगीनंतर देतो म्हणालाय.
शेत तीन वर्षांपूर्वीच विकलंय त्याने.
मी वहीत लिहून ठेवलंय: सुगीनंतर.