दोरीच्या अलीकडे

ओझरच्या टाउनशिपमध्ये, ब्लॉक एकवीसच्या गच्चीवर
एका रशियन लेखकाचं घर होतं.
दर रविवारी, सकाळी आठ ते दहा.
तिकीट नव्हतं. पायमोजे मात्र हवेच.

पगारकाका कारखान्यात दुभाषे.
दिवसभर विमानाच्या पोटातले शब्द
इकडून तिकडे न्यायचे:
झडप, नळी, दाब, गळती.
अठ्ठ्याहत्तर साली ट्रेनिंगला तिकडे गेले तेव्हा
एका सुट्टीला सगळ्यांना बसमध्ये घालून
गावाबाहेरच्या त्या घरी नेलं होतं.
तेवढंच. अडीच तास.
तिकिटाचा अर्धा तुकडा देवघरात,
त्र्यंबकच्या अंगाऱ्याशेजारी.

खडूनं ते भिंती आखायचे.
हा दरवाजा. वाका जरा, लेखक उंच होता, चौकट नव्हती.
इथे कोट टांगायचा.
इथून जिना वर जातो, पण आपण जायचं नाही,
वर आपली पाण्याची टाकी आहे.
आणि हे टेबल.
हिरवं कापड, तळव्याएवढा शाईचा डाग,
खुर्ची जराशी मागे सरकलेली,
जसं कुणी चहा सांगायला उठलंय.

"दोरीच्या पलीकडे जायचं नाही."
दोरी काकूंची, वाळत घालायची.
ओल्या टॉवेलांच्या खालून
आम्ही त्या टेबलाकडे बघायचो,
नाकावर पाणी ठिबकत असताना.

तिथे म्हणे बुटांवर चढवायला
नमद्याचे ढगळ जोडे देतात,
लाकडी जमिनीला ओरखडा नको म्हणून.
आम्ही बापांचे लोकरी मोजे घालून
कोब्यावर घसरत चालायचो:
मी, शिरीन, तळमजल्यावरचा मुकुंदा.
त्याचा अंगठा मोज्यातून बाहेर यायचा.
"येऊ दे," काका म्हणायचे, "त्यालाही बघू दे."

मध्येच धावपट्टीवरून विमान उठायचं.
काका बोलायचे थांबायचे
आणि दोन्ही हातांनी
नसलेली काच धरून ठेवायचे,
आवाज पिंपळगावापार जाईपर्यंत.

जानेवारीत निफाडचा पारा घसरला की काका खूष.
"आज खरं दिसेल."
द्राक्षं गारठू नयेत म्हणून मळ्यामळ्यात
रात्रभर जाळलेल्या शेकोट्यांचा धूर
सकाळी जमिनीलगत अडकून असायचा.
त्यात बोट घालून काका म्हणायचे,
ती त्याची सफरचंदांची बाग.
आम्हाला दिसायची. शपथ.

एकदा शिरीननं विचारलं,
काका, पण त्यानं लिहिलं काय?

काकांनी खडू फुंकला.
पुष्कळ, म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं, काकू टॉवेल काढून गेल्यावर,
"मी काही सगळं वाचलं नाही गं.
हातात घेतो, चार पानांवर झोप येते.
मला त्याची खुर्ची कळली."

यंदा मार्चात नाशिकला कामानं आले होते,
एसटी धरून ओझरला गेले.
गेटवर कुणाकडे जायचंय विचारलं,
मी पगार म्हणाले.
वॉचमन म्हणाला, या नावाचं आता कुणी नाही.
तरी सोडलं, माझ्या वयाकडे बघून.

एकवीसला नवा रंग.
गच्चीवर एक बाई जुन्या साडीवर
नागलीचे पापड घालत होत्या,
दरवाज्यापासून थेट टेबलापर्यंत.

मी चपला काढल्या.
कोबा तापला होता.
वाकले, आत गेले,
कोट टांगायच्या जागेवरून वळसा घेतला
आणि जिथं थांबायचं तिथं थांबले.
दोरी नव्हती. नुसत्या दोन खुंट्या.

बाईंनी मान वर केली.
"काही हरवलंय का ताई?"
"नाही. इथे टेबल आहे."
आहे म्हणून गेले मी, होतं नाही.

त्या हसल्या नाहीत.
पिठाचा हात पदराला पुसला,
साडीचं टोक ओढून हातभर जागा केली
आणि म्हणाल्या,
"या. फक्त पाय जपून.
ओले आहेत अजून."