खुर्ची फिरवून

तुंचाय, पैसे नंतर मोज.
आधी ऐकून घे कोणती रेकॉर्ड कशी आहे ते.
बारा खोकी आहेत, आणि तुझी व्हॅन भर रस्त्यात उभी आहे,
तरी.

माझा डावा कान छत्तीस वर्षं
ओबरहाउझेनच्या पोलाद गिरणीत कामाला होता.
तिथेच राहिला.
म्हणून माझी सगळी मतं उजव्या बाजूची.
(राजकारण सोडून. तिथे मी उलटा.)

ही घे. चौघांचा जाझ,
वुपरटालच्या कुठल्याशा तळघरात वाजवलेला.
नमनाला घडाभर तेल: पहिली सहा मिनिटं
ड्रमवाला नुसत्या झांजा पुसतोय.
मग बास येतो,
अंधारात जिना उतरणाऱ्या माणसासारखा,
पायाने पायरी चाचपत,
आणि एक पायरी चुकते.
मुद्दाम नाही, खरोखरीची.
ती चूक त्यांनी कापली नाही, म्हणून दहापैकी नऊ.
पियानोही आहे म्हणतात. डावीकडे.
तो ऐकायला मी खुर्ची भिंतीकडे फिरवायचो
आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.
वॉलट्राउट कॉफी घेऊन यायची,
विचारायची, शाळेत शिक्षा झालीय का तुला?

ही काळी, बोकडाच्या मुंडक्याची,
माझ्या भाच्याची, टोर्बेनची. मेटल.
उथळ पाण्याला खळखळाट फार,
असं मी पहिल्या दिवशी त्याच्या तोंडावर बोललो.
ते मागे घेतो.
गायक आतडी पिळवटून ओरडतो, शब्द एकही कळत नाही,
पण भट्टीपाशी आम्हीही असेच ओरडायचो
आणि विचारत असायचो एवढंच,
की जेवलास का.
चौथा तुकडा मात्र भिकार.
दोन पायांनी इतकं धावायचं
आणि पोचायचं कुठेच नाही!
पाच.
साडेपाच कर. अगदी शेवटी गिटारी थांबतात
आणि ॲम्प्लिफायरची नुसती घरघर उरते,
पाळी सुटल्यावर गार होत जाणाऱ्या लोखंडासारखी.

मधल्या त्या सॅक्सोफोनच्या सात रेकॉर्डी
वॉलट्राउटच्या. त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही.
जपून ने.

आता ही.
बर्लिनची तीन पोरं. इंडस्ट्रियल म्हणतात याला.
गिरणी बंद व्हायच्या शेवटच्या आठवड्यात आली,
काळे कोट, महागडे माईक,
आमच्या प्रेसचा आवाज उचलून घेऊन गेली
आणि कापून बसवला चौकटीत:
एक दोन तीन चार, एक दोन तीन चार.
कव्हरवर आमचीच चिमणी, तीही वाकडी.
खोटं आहे रे.
प्रेस कधीच चारात पडला नाही.
लीव्हरवर असायचा युप कोवालिक,
आणि युपचा गुडघा धरायचा.
घण पडायचा, थांबायचा,
पडायचा,
थंडीत आणखी जरा उशिराने.
त्या लंगड्या तालावर आम्ही डबे खाल्ले,
भांडलो, उभ्या उभ्या झोपलोसुद्धा.
नंतर प्रेसच्या अंगावर खडूने आकडे टाकले,
पेट्यांत भरला, जहाजावर चढवला.
आता कुठे पडतो, कोणाच्या गुडघ्याने, माहीत नाही.
एक. दहापैकी फक्त एक,
तोही कव्हरच्या कागदाला.

नाही, थांब. ती दे इकडे.
खोक्यात चुकून गेली.

दुसऱ्या बाजूला, तिसरा तुकडा संपतो तिथे
एक फट राहून गेलीय,
अकरा सेकंदांची, त्यांच्याही लक्षात न आलेली.
आत कोणीतरी शिंकतं.
कोणीतरी म्हणतं, युप, भोंगा झाला, सोड आता.
डावीकडे आहे ते.
खुर्ची फिरवेपर्यंत चार वर्षं
मला पत्ता नव्हता.

शिंक युपची.
दुसरा आवाज कोणाचा ते वॉलट्राउटने ओळखलं,
मला पटायला दोनदा सुई मागे न्यावी लागली.

मत बदललेलं नाही. एक म्हणजे एकच.

हं, मोज आता. एकीचे पैसे कमी कर.
आणि व्हॅन काढ,
समोरच्या ब्रिंकमानबाई खिडकीत येऊन उभ्या आहेत,
काहीतरी ओरडतायत,
त्या माझ्या डावीकडे आहेत.