पाच रुपये जादा

लिहा साहेब.
कौतिकबाई सुकलाल बाविस्कर, वय एकोणसाठ.
धुळं बसस्टँड, बायकांच्या मुतारीच्या दारात
टेबल माझं, नऊ वर्षं झाली.
मुतारीच लिहा. प्रसाधनगृह पाटीवर आहे,
बाई धावत येते तेव्हा पाटी वाचत नाही.

दामिनी ईशी. हो, ओळखते.
शिरपूरहून सकाळच्या गाडीनं यायची,
रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला.
निळी पिशवी, पिशवीत डबा,
सुट्टे पाच कायम मुठीत.
पाचशेची नोट दाखवून घाई करणाऱ्यांतली नाही.
एकदा म्हणाली, मावशी, बोटाची जखम भरत नाही तुमच्या,
शुगर तपासून घ्या.
तपासली. निघाली.
हे लिहायचं नसलं तरी लिहा.

पहिल्या दिवशी बघितलं मी तिच्याकडे.
सगळ्यांकडेच बघते, पण जरा जास्त बघितलं.
आवाज जाड, मनगट रुंद.
विचारलं, कोठे जास वं बहीण?
म्हणाली, जठे तू सोडशी तठे.
सोडलं. दीड वर्ष सोडलं.

आत काय करायची, विचारता?
कडी लावायची. नळ सोडायची.
बाहेर येऊन आरशात टिकली सरळ करायची.
आरसा फुटका आहे, त्याचा अर्ज मीच दिलाय,
तीनदा.

आता त्या दिवसाचं.
आखाजीच्या आदली संध्याकाळ.
माहेरी निघालेल्या पोरीबाळींनी स्टँड भरलेला,
रांग पार रसवंतीपर्यंत.
एक बाई ओरडली. मग तिची जाऊ.
मग जिला काहीच दिसलं नव्हतं तीसुद्धा.
कंट्रोलर आला, म्हणाला,
कौतिकबाई, तुम्हाला दिसत नाही का?

दिसत होतं.
मी हात आडवा केला.

कोणी धरला नव्हता माझा हात.
कंट्रोलर आता सांगतो, म्हणा की चहाला गेले होते,
म्हणजे कोणाचंच नाव यायचं नाही.
चहा सोडलाय मी, शुगर निघाल्यापासून.
हा हात. उजवा. लिहा.

भांडली नाही ती.
पुरुषांच्या बाजूला एकदा बघितलं,
तिथल्या दारात चार जण आधीच हसत उभे.
मग गेली, गाडीत बसली.
शिरपूर काय लांब नाही हो,
पण नरडाण्यापुढं रस्ता खणलेला होता तेव्हा,
रिकाम्या पोटाची बाईसुद्धा
दांडा घट्ट धरून बसते.
मी घरी गेले, आधी मोरीत गेले,
आणि पाणी न टाकता तशीच बसून राहिले.

तुमच्या कागदावर रकाना आहे,
तक्रारदाराशी साक्षीदाराचं नातं.
काय सांगू?
मावशी म्हणायची.

तिच्या अर्जावर मात्र रकाने दोनच होते म्हणे.
तिनं दोन्हींच्या मधल्या रेघेवर खूण केली का,
का एकात केली आणि तुम्ही खोडली,
ते मला माहीत नाही. माझं एवढंच.

आणि एक, साहेब. पेन बंद करू नका.
त्या रात्री हिशेब जुळला नाही माझा.
वहीत खुणा दोनशे बारा,
पैसे दोनशे तेरा जणींचे.
तिनं नाणं आधीच ठेवलं होतं टेबलावर,
खूण मी केलीच नव्हती.
ठेकेदाराला दिले नाहीत ते पाच रुपये.
पदराच्या गाठीत आहेत, दोन महिने झाले,
लुगडं धुताना सोडते, वाळलं की परत बांधते.
फाईलला लावा म्हटलं तर तुमचा बाबू हसतो,
नाणं टाचता येत नाही म्हणतो.

ती कुठल्या गाडीनं येते आता, कोण जाणे.
येते की नाही तेही.
सकाळी शिरपूर गाडी लागली
की मान आपोआप वर होते माझी.

अंगठा नको.
सही येते मला.
थांबा जरा, हळू करते,
बोट अजून दुखतंय.