चावी रद्द

परसोडीच्या आयटी पार्कात रात्रीचे दोन.
बाहेर अजून अडतीस, आत अठरा;
मी भर मे महिन्यात स्वेटर घालून.

वांदिले सरांचं खातं बंद करायचं.
एचआरचा मेल: नियमाप्रमाणे, आजच.
त्याच्याखालीच तेरवीचा निरोप.

पासवर्ड गेला. चावी रद्द.
तीन सर्व्हरांनी मुकाट ऐकलं,
चौथा अडून बसला:
दोन चाळीसला बॅकअप निघतो
तो अजून त्यांच्याच नावानं.

स्क्रिप्ट उघडली. अकरा वर्षं जुनी.
मधेच एक ओळ, यंत्रानं न वाचायची:
‘मे महिन्यात गच्चीवर सोता जाऊन पाहून येजो बापा,
सेन्सर खोटं बोलते.’

पडद्यावर तर सगळं हिरवं.
तरी गेले.
गच्चीचं लोखंडी दार एवढ्या रात्रीही कोमट,
एसीच्या जाळीत कबुतराच्या काड्या, तारा,
अंडं नव्हतं, बरं झालं.
हातानं उपसत राहिले
पंखा मोकळा श्वास टाकेपर्यंत.
खाली वर्धा रोडवर एकच ट्रक.

दोन सदतीस.
बॅकअपला माझं नाव दिलं.
ती ओळ राहू दिली.
ऑडिटवाल्यांनी विचारलंच तर सांगेन,
ही चालत नाही साहेब,
नुसती आहे.